जुनी मोटारसायकल विजेवर आणताना: सोलापूरच्या उन्हात टिकेल अशी गाडी

जुन्या मोटारसायकलचं इंजिन उतरवून त्या जागी विजेची मोटर लावायला सरावलेल्या हाताला दोन दिवस पुरतात. ती गाडी जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीत रोज बिनतक्रार गेली पाहिजे, मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत बॅटरी तगली पाहिजे आणि सात रस्त्यावर पोलिसाने हात केला तर कागद दाखवता आले पाहिजेत. यासाठीची खरी मेहनत मोटरीच्या भोवती आहे: वजन, वायर, ब्रेक, उष्णता. नवशिक्याची गाडी बहुतेक वेळा याच चार ठिकाणी अडते, म्हणून इथे भर त्यांच्यावरच दिला आहे.

उदाहरणाला हिरो होंडाची जुनी १०० सीसी स्प्लेंडर धरली आहे. ती घरोघरी पडून आहे, हलकी आहे आणि तिची फ्रेम खालून दोन नळ्यांनी इंजिनाला कवेत घेणारी आहे. इंजिन काढलं तरी फ्रेमचा सांगाडा पुरा राहतो. जुन्या बुलेटसारख्या गाडीत तसं नाही. तिथे इंजिन हाच फ्रेमचा एक भाग असतो, ते काढलं की खालची बाजू मोकळी सुटते. पहिल्या कामाला तशी गाडी घेऊ नका.

आधी कागद, मग पाना

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. पेट्रोलची गाडी विजेवर आणण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११५-डी हा वेगळा नियम आहे आणि किटची, म्हणजे मोटर आणि तिच्यासोबतच्या सामानाच्या संचाची, तपासणी एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे होते. थोडक्यात, किट त्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं हवं आणि ते बसवल्याचा दाखला किट कंपनीच्या अधिकृत फिटरचा हवा. बाजारातून सुटी मोटर, सुटा कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरीला मोजून देणारा डबा) आणि कुणीतरी बांधून दिलेली बॅटरी आणून जोडलेली गाडी कितीही छान पळाली तरी रस्त्यावर बेकायदा ठरते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. '२५० वॉटच्या आतल्या गाडीला नोंदणी लागत नाही' हे खरं आहे, पण ती सवलत ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या छोट्या गाड्यांची. दोन किलोवॉटच्या स्प्लेंडरला तिचा उपयोग नाही.

मग घरी काय करायचं? बरंच काही. गाडीची तपासणी, इंजिन उतरवणं, फ्रेम साफ करून रंगवणं, ब्रेक आणि बेअरिंगं नवी करणं, जुनं वायरिंग सोडवणं, बॅटरीच्या पेटीचं माप काढणं ही सगळी कामं घरच्या अंगणात होतात. उरलेलं काम अधिकृत फिटरच्या देखरेखीखाली करायचं. म्हणून पैसे देण्याआधीच त्याला विचारा: 'कोणतं काम आम्ही करून आणलं तर तुम्ही दाखला द्याल?' उत्तर लेखी घ्या.

आरसी बुक काढून तीन गोष्टी बघा. नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपली आहे का? संपली असेल तर आधी नूतनीकरण, मग बदल. गाडीवर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे का? असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र लागेल. आणि चासी नंबर हँडलपाशी फ्रेमवर नीट वाचता येतो का? गंजाने नंबर पुसला गेला असेल तर काम तिथेच थांबवा आणि आधी एमएच-१३ च्या कार्यालयात जाऊन विचारा. त्या जागेवर ग्राइंडर, पॉलिश पेपर किंवा रंगाचा जाड थर अजिबात चढवू नका. उतरवलेलं इंजिन आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून येईपर्यंत भंगारात घालू नका, त्याच्यावरचा नंबर तपासणीत विचारला जाऊ शकतो. बदल नोंदल्यावर हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा नंबर लागतो आणि विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो.

किती बॅटरी लागेल याचा हिशोब

बॅटरी हा खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा, त्यामुळे इथे अंदाजाने चालत नाही. एकटा माणूस सपाट रस्त्यावर ताशी ४५ च्या वेगाने गेला तर अशा गाडीला किलोमीटरमागे साधारण २७ ते ३० वॉट-अवर लागतात. मागे माणूस बसला, सिग्नलला थांबत जावं लागलं, की ३५ धरा. वेग ६० वर नेला तर हवेचाच विरोध इतका वाढतो की आकडा ४० च्या पुढे जातो.

७२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी बहुधा २४ सेलची माळ असते. एका सेलचे ३.२ व्होल्ट, म्हणून माळेचे ७६.८. क्षमता ३० अँपिअर-अवर असेल तर ७६.८ गुणिले ३० म्हणजे २,३०४ वॉट-अवर. त्यातले ८५ टक्केच वापरायचे, म्हणजे जवळपास १,९५० उरले. भागिले ३० केलं की एकट्याला ६५ किलोमीटर, भागिले ३५ केलं की दोघांना ५५. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला हे भरपूर झालं. अक्कलकोटला जाऊन त्याच चार्जवर परत येणं मात्र यात बसत नाही. ते चाळीसच्या आसपास किलोमीटर एका बाजूचे आहेत, तिथे चार्जिंगची सोय धरूनच निघा.

फेरो फॉस्फेटच का? दुसरी, एनएमसी जातीची बॅटरी त्याच वजनात जास्त ऊर्जा देते, दिसायलाही आटोपशीर असते. पण उष्णतेत ती लवकर थकते आणि बिघडली तर जास्त जोरात पेटते. सोलापुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं सीट हाताला चटका देतं. अशा ठिकाणी दोन-चार किलो वजन जास्त गेलं तरी फेरो फॉस्फेटच घ्यावी असं आमचं ठाम मत आहे. वजन १८ ते २२ किलोपर्यंत भरतं.

बॅटरी घरी बांधू नका. सेल विकत आणून, निकेल पट्टी स्पॉट वेल्ड करून पॅक बनवण्याचे व्हिडिओ खूप आहेत. त्यात दिसत नाही ती गोष्ट अशी की एकसारख्या क्षमतेचे २४ सेल निवडायला मोजमापाची यंत्रं लागतात आणि खड्ड्यांत हादरून सैल होणारा एकच जोड पुरा पॅक जाळू शकतो. एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाप्रमाणे तपासलेला तयार पॅकच घ्या. तो घेताना बीएमएसचा, म्हणजे सेलवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटचा, सतत देता येणारा करंट किती ते विचारा. तो कंट्रोलरच्या कमाल करंटपेक्षा वर हवा. कंट्रोलर ४० अँपिअर ओढणारा असेल तर बीएमएस ६० चा. हे उलटं झालं की एखादा चढ चढताना गाडी मध्येच मेल्यासारखी बंद पडते आणि चावी बंद-चालू केल्यावर पुन्हा सुरू होते. लोक मोटर बदलत बसतात, दोष बीएमएसच्या निवडीत असतो.

मोटर: चाकातली की चेनवरची

मागच्या चाकाच्या मध्यावर बसणारी हब मोटर नवशिक्यासाठी सोपी. चेन नाही, गिअर नाही, ग्रीस नाही. १७ इंची रिममधली २ किलोवॉटची मोटर असेल तर पूर्ण टायरचा घेर सुमारे १.८ मीटर येतो. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला साडेपाचशेच्या आसपास फेरे घेतं. म्हणून ७२ व्होल्टवर मोकळं फिरताना ६०० ते ६५० फेरे देणारी मोटर मागा. ९०० फेऱ्यांची मोटर 'जास्त पळते' म्हणून विकतात, पण तेवढ्याच करंटमध्ये तिचा जोर कमी पडतो आणि चढावर ती तापते.

चादरी-टॉवेलचे गठ्ठे वाहायचे असतील किंवा दर पौर्णिमेला तुळजापूरचा घाट चढायचा असेल तर हब मोटरीचा हट्ट धरू नका. हिशोब बघा. गाडी आणि दोन माणसं मिळून २५५ किलो, चढ ६ टक्के, वेग ३०: मोटरीला बॅटरीतून सतत सव्वादोन किलोवॉटच्या आसपास ओढावे लागतात. दोन किलोवॉटची हब मोटर हे काही मिनिटं सहन करते. वजन आणखी वाढलं आणि वेग १५ वर आला की विजेचा मोठा भाग गती न होता नुसती उष्णता होतो. इंजिनाच्या जागी बसणारी, चेनने चाक फिरवणारी मोटर स्प्रॉकेटच्या दातांमुळे जोर वाढवून घेते. अर्थात तिलाही त्या मॉडेलची मान्यता हवीच.

उतरवण्याचं काम

आधी टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा. काढताना जवळपास विडी-सिगारेट, गॅस, वेल्डिंग काही नको. बरेच जण रिकामी टाकी कापून तिच्यात चार्जर किंवा सामान ठेवायची जागा करतात. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. ग्राइंडरच्या एका ठिणगीने ती फुटते. टाकी जशी आहे तशी धुऊन, उन्हात वाळवून परत बसवा. कापू नका.

इंजिन ऑइल जवळपास लिटरभर निघतं. ते गटारात न सोडता गॅरेजवाल्याला द्या. मग सायलेन्सर, कार्ब्युरेटर, क्लच केबल, चेन आणि शेवटी इंजिनाचे बोल्ट. प्रत्येक बोल्ट कुठल्या भोकाचा ते कागदाच्या चिठ्ठीने लिहून ठेवा, पेटी बसवताना तीच भोकं वापरायची आहेत. काढलेलं सगळं सामान भंगारवाल्याच्या काट्यावर एकदा तोला. नवं सामान तेवढ्याच वजनाच्या आसपास राहिलं तर पुढचे-मागचे शॉकअप आणि ब्रेक यांच्यावर ताण वाढत नाही.

उघडी झालेली फ्रेम लोखंडी ब्रशने घासा. चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) जिथे फ्रेमला जोडतो तिथला बुश, हँडलचे बेअरिंग, दोन्ही ब्रेक शू, ब्रेक केबल आणि टायर आताच बदला. इंजिनाची गाडी रेस सोडली की थोडी आवरते, विजेच्या गाडीत तो आवर मिळेलच असं नाही. म्हणून ब्रेकमध्ये काटकसर नको.

बॅटरीची पेटी

इंजिनाच्या जागी पेटी येते. आधी पुठ्ठ्याची पेटी करून गाडीत बसवून बघा: हँडल पूर्ण वळतं का, पायाला लागते का, पुढचं चाक खड्ड्यात वर आलं की घासते का. मग ते माप लेथ-वेल्डिंगवाल्याकडे न्या. सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग करणारी वर्कशॉप जागोजागी आहेत, माप चोख दिलं तर काम सुबक होतं. २ मिमी लोखंडी पत्रा किंवा ३ मिमी अ‍ॅल्युमिनियम, आत सगळीकडून ५ मिमी रबर, आणि इंजिनाच्याच भोकांत ८ मिमीचे बोल्ट नायलॉक नटसह. फ्रेमला नवी भोकं पाडायची नाहीत, फ्रेमवर वेल्डिंग करायचं नाही. तळाला पाणी निथळायला दोन बारीक भोकं ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पेटीच्या खाली थापला जातो आणि तीच भोकं बुजतात, महिन्यातून एकदा तारेने मोकळी करा.

टॉर्क आर्म: या एका पट्टीवर गाडी उभी आहे

हब मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने धुरा उलट फिरू पाहतो. इंजिनाच्या गाडीत धुऱ्यावर असा पीळ येत नाही, म्हणून चिमट्यातली जुनी खाच त्यासाठी बनवलेलीच नाही. धुऱ्याच्या दोन सपाट बाजू खाचेत ढिल्या असतील तर रोज थोडा थोडा पीळ बसून खाच रुंदावते. एक दिवस धुरा गरकन फिरतो, मोटरीच्या वायर पिळून तुटतात, तीन फेज (मोटरीला वीज नेणाऱ्या तीन जाड वायरी) एकमेकांना चिकटतात आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं.

यावरचा उपाय म्हणजे टॉर्क आर्म. ही ६ ते ८ मिमी जाड पोलादी पट्टी असते. एका टोकाला धुऱ्याच्या मापाची घट्ट खाच, दुसरं टोक चिमट्याला पक्कं. दोन्ही बाजूंनी लावा, एका बाजूने भागत नाही. किटबरोबर येते तीच वापरा. धुऱ्यावर चढवताना तिला हलका ठोका द्यावा लागला तर माप बरोबर, हाताने सहज खुळखुळली तर परत करा. नट किटच्या कागदात लिहिलेल्या टॉर्कने, टॉर्क पान्याने आवळा आणि नट-धुऱ्यावर रंगाची एक रेघ ओढा. रेघ सरकलेली दिसली की नट ढिला झाला. धुऱ्यातून निघणारी केबल आधी खाली झोक घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोकावरून गळून पडतं, मोटरीत शिरत नाही.

वायरिंग

पूर्ण चार्ज होताना बॅटरी ८७.६ व्होल्टपर्यंत जाते. ६० व्होल्टच्या वरचा डीसी करंट धोक्याचा समजतात, म्हणून हातातली अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा, पान्यांच्या दांड्यांना टेप गुंडाळा, चष्मा लावा, आणि एका वेळी एकच टोक उघडं ठेवा.

बॅटरीतून निघालेल्या प्लसवर, बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज: ६० किंवा ६३ अँपिअर, डीसीचाच. मग डीसी एमसीबी. घरच्या बोर्डातला एसी एमसीबी इथे लावू नका. घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसी तसा शून्यावर येत नाही, ठिणगी तशीच धगधगत राहते आणि एमसीबी आतून वितळतो. मुख्य वायर तांब्याची, लवचिक, १० चौरस मिमी. टोकाला लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा, वर हिट श्रिंक. पक्कडीने दाबलेला किंवा नुसता झाळलेला लग काही महिन्यांत ढिला होतो, तापतो आणि मग वायरचं प्लास्टिक करपतं.

स्प्लेंडरच्या जुन्या वायरिंगबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या मॉडेलात हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनाच्या मॅग्नेट कॉइलमधून येणाऱ्या एसीवर चालतो. इंजिन गेलं की हॉर्न, इंडिकेटर चालू राहतात, हेडलाइट मात्र मरतो. लोक बल्ब बदलत बसतात. ती लाइन सोडवून डीसी-डीसी कन्व्हर्टरच्या, म्हणजे ७२ व्होल्टचे १२ करणाऱ्या डब्याच्या, १२ व्होल्टवर घ्या. कन्व्हर्टर निदान १० अँपिअरचा आणि आयसोलेटेड हवा, म्हणजे ७२ व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू आतून एकमेकींना जोडलेल्या नसाव्यात. १२ व्होल्टचा मायनस फ्रेमला जातो, ७२ व्होल्टचा मायनस फ्रेमला कधीही लागता कामा नये.

हा नियम न कळत मोडतो तो ब्रेकच्या वायरीत. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी यासाठी कंट्रोलरला ब्रेकची वायर असते. ती थेट मागच्या ब्रेक लाइटच्या १२ व्होल्ट लाइनला जोडली की कंट्रोलरमार्गे ७२ व्होल्टचा मायनस फ्रेमला भिडतो. मधे १२ व्होल्टची छोटी रिले (विजेने चालणारा स्विच) घाला: कॉइल ब्रेक लाइटच्या लाइनवर, आणि रिलेचे संपर्क कंट्रोलरच्या ब्रेकच्या दोन वायरींवर. दोन्ही बाजू वेगळ्या राहतात आणि काम होतं. चावीचंही तसंच. ७२ व्होल्ट जुन्या चावीतून नेऊ नका, किटचं स्वतःचं लॉक वापरा. जुन्या चावीचे संपर्क १२ व्होल्टसाठी बनलेले असतात, त्यांच्यात ठिणग्या पडतात.

कंट्रोलर सीटखाली बंद जागेत नको. जिथे वारा लागतो तिथे, थंड होण्यासाठीच्या पात्यांच्या खाचा उभ्या, वायरी खालच्या तोंडाने. हॉल सेन्सरच्या (मोटर कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला सांगणाऱ्या सेन्सरच्या) बारीक कनेक्टरवर डायलेक्ट्रिक ग्रीस लावा. पहिल्या पावसानंतर गाडी झटके देऊ लागली तर दहात नऊ वेळा दोष याच कनेक्टरमध्ये असतो.

पहिल्यांदा करंट सोडताना

जोडणी झाली की घाईने एमसीबी वर करू नका. आधी मल्टिमीटर. बॅटरीचा प्लस आणि फ्रेम, मग बॅटरीचा मायनस आणि फ्रेम, दोन्हीकडे मोजा. आकडा हलत-उतरत शून्याकडे गेला तर चालेल. ७०-८० व्होल्ट स्थिर दिसले तर कुठेतरी वायर घासून फ्रेमला लागली आहे. शोधून दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग जुन्या वायरमनची सिरीज लॅम्पची युक्ती. २३० व्होल्टचा १०० वॉटचा तारेचा बल्ब बॅटरीच्या प्लस वायरीत मालिकेत लावा आणि करंट सोडा. बल्ब क्षणभर उजळून विझला तर सगळं ठीक, कंट्रोलरमधले कपॅसिटर भरले. तो पेटताच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्ब मधे असल्यामुळे फक्त बल्बच पेटला, कंट्रोलर वाचला. एलईडी बल्ब चालत नाही.

रोजच्या वापरातही एमसीबी वर करताना रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि संपर्क जळतात. म्हणून एमसीबीला समांतर १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर एका पुश बटणातून जोडा. बटण दोन सेकंद दाबा, मग एमसीबी वर करा, बटण सोडा.

आता गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत. कंट्रोलरच्या 'सेल्फ लर्निंग' वायरी जोडल्या की चाक आपोआप फिरायला लागतं. उलट फिरलं तर वायरी काढून पुन्हा जोडा, दिशा बदलते. झाल्यावर त्या वायरी सोडवून टोकं टेपने झाका. चाक फिरण्याऐवजी गुरगुरलं आणि थरथरलं तर फेज आणि हॉलच्या वायरींचा क्रम जुळलेला नाही. तसंच दाबत राहिलात तर कंट्रोलर जळेल. चाक हवेतच असताना थ्रॉटल हळू द्या आणि ब्रेक दाबा, मोटर त्याच क्षणी सुटली पाहिजे. मग थ्रॉटलचा कनेक्टर मुद्दाम काढून बघा: मोटर थांबली पाहिजे. थ्रॉटलची मायनस वायर तुटली तर काही कंट्रोलर ते पूर्ण रेस समजतात, म्हणून ही वायर हँडल वळवताना ताणली जात नाही ना ते डावी-उजवी वळवून तपासा.

पहिली फेरी सकाळी लवकर, मोकळ्या मैदानात, ताशी १५ च्या वर नाही. पाच किलोमीटर झाल्यावर थांबून कंट्रोलर, मोटरीचं कवच आणि फेजचे जोड यांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. एक जोड बाकी दोघांपेक्षा बराच गरम असेल तर त्याचा लग ढिला आहे. ५०, २०० आणि ५०० किलोमीटरला सगळे नट पुन्हा आवळा, टॉर्क आर्मचे आधी.

चार्जिंग आणि ऊन

चार्जर बॅटरीच्या जातीचाच हवा. २४ सेलच्या फेरो फॉस्फेटचा चार्जर ८७.६ व्होल्टचा, २० सेलच्या एनएमसीचा ८४ चा. दोघांवर बाहेर '७२ व्होल्ट' एवढंच लिहिलेलं असतं आणि पिनही सारखीच असू शकते. ८७.६ चा चार्जर एनएमसीला लावला तर प्रत्येक सेल मर्यादेच्या वर ताणला जातो आणि आगीपासून वाचवायला फक्त बीएमएस उरतो. घरात दोन गाड्या असतील तर चार्जरवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

१० अँपिअरचा चार्जर रिकामी बॅटरी साडेतीन-चार तासांत भरतो आणि पूर्ण चार्जला मीटरवर पावणेतीन युनिटच्या आसपास चढतात. सॉकेट १६ अँपिअरचं, अर्थिंग तपासलेलं. एक्स्टेन्शन बोर्डावर तासन् तास असा भार नको.

फेरो फॉस्फेटला चार्ज करण्याची मर्यादा साधारण ४५ अंशांपर्यंतच असते. मे महिन्यात दुपारी दोनला कामावरून आलेली गाडी सावलीतही तेवढी तापलेली असते. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग रात्री, आणि गाडी थांबवल्यावर तासभर थांबून. यंत्रमागाच्या शेडमध्ये चार्जिंग करू नका. तिथे कोपऱ्याकोपऱ्यात साचलेला सुताचा तूस एका ठिणगीने पेट घेतो. जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दारापाशीही नको, आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. बॅटरीतून धूर किंवा फसफस ऐकू आली तर विझवायला थांबू नका, माणसं बाहेर काढा, १०१ ला फोन करा आणि बॅटरी लिथियमची आहे हे सांगा.

तुळजापूरला जाणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. तिथे बॅटरी काठोकाठ भरून लगेच घाट उतरू नका. ब्रेक दाबताना मोटर उलट वीज बॅटरीत पाठवत असेल तर भरलेल्या बॅटरीत तिला जागाच नसते, बीएमएस वीज तोडतो आणि मोटरीचा आवर ऐन उतारावर सुटतो. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा आणि उतरताना भार दोन्ही ब्रेकवर ठेवा.

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून एमसीबी खाली करा. पूर्ण रिकामी ठेवली तर बीएमएस स्वतःच थेंब थेंब वीज पीत राहतो आणि सेल इतके खाली जातात की चार्जर त्यांना ओळखतच नाही.